सरकारी निविदा : निवडीच्या नव्या पद्धती आणि आपला व्यापारी

सरकार हे आपल्या देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट आपल्या व्यापारीवर्गाला नव्याने सांगावयास नको. इस्पितळातील चादरीपासून शाळेतील बाकांपर्यंत आणि कचेरीतील टाचण्यांपासून धरणाच्या सिमेंटापर्यंत असा जिन्नस क्वचितच सापडेल, की जो कोणते ना कोणते सरकारी खाते विकत घेत नाही. असे असूनही आपल्या संघातील जुन्या पेढीवाल्यांपाशी सरकारी पुरवठ्याचा विषय काढला, तर बहुतेक जण मान हलवितात. कागदांचे ओझे, पडेल भावाची चढाओढ आणि बिलासाठी घालावे लागणारे खेटे ह्यांना कंटाळून अनेकांनी ह्या वाटेला जाणेच सोडून दिले आहे. आम्हीही काही वर्षे सोडले होते. तथापि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सरकारने पुरवठादार आणि कंत्राटदार निवडण्याच्या सोप्या, जलद व निकोप पद्धती शोधण्याचे जे प्रयोग केले, त्यांची माहिती आपणांस असणे जरूर आहे. ती नसली, तर दार उघडे असूनही आपण उंबरठ्याबाहेरच राहावयाचे.

प्रथम मूळ अडचण कोणती, हे पाहू. आपण आपल्या दुकानासाठी माल घेतो, तेव्हा सर्वांत स्वस्त भाव सांगणाऱ्याकडेच जातो असे नाही. ज्याचा माल आपण दहा वर्षे वापरला, ज्याने एकदा खराब गाठ बिनबोभाट परत घेतली, त्याला आपण चार पैसे अधिक देतो आणि त्याबद्दल आपल्याला कोणी जाब विचारत नाही. सरकारी अधिकाऱ्याचे तसे नाही. तो खर्च करतो तो पैसा दुसऱ्याचा असतो, आणि ‘मला ह्या पुरवठादाराचा विश्वास वाटला’ हे उत्तर लेखापरीक्षकापुढे चालत नाही. भरवसा हा मोजता येत नाही. भाव मात्र मोजता येतो. म्हणून ज्यांचा माल ठरविलेल्या नमुन्याप्रमाणे आहे, त्यांतील ज्याचा भाव सर्वांत कमी, त्यालाच काम द्यावयाचे, हा नियम रूढ झाला. खात्यांच्या बोलीत ह्यालाच ‘एल-वन’ म्हणतात. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९८ साली तर असे फर्माविले, की निविदा उघडल्यानंतर भावाची घासाघीस करावयाची असेल तर ती केवळ ह्या सर्वांत कमी भाववाल्याशीच करावी, इतर कोणाशीही नव्हे. हा नियम वेडगळ नाही. तो अविश्वासातून जन्मला, आणि त्या अविश्वासाला सबळ कारणे होती.

ह्या बाबतीत न्यायालयानेही एक मर्यादा आखून दिली आहे. मुंबईच्या विमानतळावर एक उपाहारगृह व दोन फराळाची दुकाने चालविण्यासाठी प्राधिकरणाने निविदा मागविल्या व निविदाकार नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलवाला असावा, त्यास निदान पाच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट घातली. ज्याची निविदा मंजूर झाली, त्याने उपाहारगृहे चालविली होती. पण तो त्या अटीत बसत नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायालयाने निर्णय दिला, की सरकारी संस्थेने स्वतः घातलेल्या अटींना ती स्वतः बांधलेली असते. आपल्या मर्जीने ती अट सोडून तिला एकाला उपकृत करता येत नाही. फिर्यादीला मात्र प्रत्यक्षात काही मिळाले नाही, कारण तो उशिराने न्यायालयात आला होता. परंतु त्या दिवसापासून निविदेतील प्रत्येक ओळीला एक प्रकारचे कायद्याचे वजन आले. चांगला परिणाम हा, की वशिल्याला आळा बसला. वाईट परिणाम हा, की अधिकारी अधिकाधिक भिऊन वागू लागले आणि निविदेची पाने वाढत गेली.

आता प्रयोगांकडे वळू. ह्यांतील पहिला मोठा प्रयोग आपल्या शेजारी, हैदराबादेत झाला. त्या काळी निविदा टाकण्याची पद्धत म्हणजे कचेरीच्या आवारात ठेवलेली कुलूपबंद पेटी. ही पेटी दिसावयास निरुपद्रवी होती. पण तिच्यापर्यंत पोहोचणे हेच खरे काम असे. ठेकेदारांची टोळकी आधीच संगनमत करून काम कोणी घ्यावयाचे ते ठरवीत, आणि बाहेरचा कोणी निविदा घेऊन आला, तर त्याला आवारातच अडवीत. आपल्यातील वयोवृद्ध सभासदांना अशा हकीकती ऐकून ठाऊक असतील. तत्कालीन अखंड आंध्र प्रदेशाने २००३ साली काही मोजक्या खात्यांत प्रायोगिक तत्त्वावर निविदा संगणकाद्वारे स्वीकारण्यास सुरुवात केली. निविदा घरबसल्या भरता येऊ लागल्याबरोबर पेटीभोवतीचा पहारा निरर्थक झाला. कोणी कोणी निविदा घेतली हे आगाऊ कळेनासे झाल्यामुळे संगनमत जमविणेही अवघड झाले. थोड्याच वर्षांत ही पद्धत इतर राज्यांनीही उचलली.

ह्या पद्धतीने सरकारला काय मिळाले? आपण व्यापारी मंडळी लगेच म्हणू, की भाव उतरले असतील. येथेच आश्चर्य आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील रस्ते आणि इंडोनेशियातील सार्वजनिक बांधकामे ह्यांचा अभ्यास करून काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात संगणकीय निविदांमुळे भाव उतरल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मात्र आपल्या देशात रस्त्यांचा दर्जा सुधारला. आणि कामे मिळविणाऱ्यांत त्या भागाबाहेरच्या कंत्राटदारांचे प्रमाण वाढले. म्हणजे दार रुंद केल्याने स्वस्त माणूस आला असे नव्हे, तर अधिक चांगला माणूस आत आला. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. कारण बाहेरगावच्या व्यापाऱ्याला ज्या निविदेची वर्दीदेखील पूर्वी लागत नसे, ती आज बेळगावात बसून गोव्याच्या किंवा इंदुरात बसून वडोदऱ्याच्या खात्यासाठी भरता येते.

यंत्र आले म्हणजे लबाडी गेली, असे मात्र कोणी समजू नये. मध्य प्रदेशात २०१८ साली राज्याच्या ई-निविदा यंत्रणेतच शिरकाव करून भरलेले आकडे बदलले गेल्याचा आरोप पुढे आला आणि एप्रिल २०१९ मध्ये त्या राज्याच्या आर्थिक गुन्हे अन्वेषण शाखेने गुन्हा नोंदविला. पेटी फोडावयास पूर्वी हातोडा लागे. आता दुसरे हत्यार लागते, एवढाच फरक.

दुसरा प्रयोग लहानसहान खरेदीचा. दहा हजारांच्या खुर्च्या घ्यावयाच्या आणि त्यासाठी महिनाभर दरपत्रके गोळा करावयाची, ह्यात मालापेक्षा कारकुनी महाग पडते. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत म्हणूनच रकमेप्रमाणे पायऱ्या केल्या आहेत. २०१७ साली हे नियम नव्याने लिहिले गेले, त्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकाशिवाय आणि अडीच लाखांपर्यंतची खरेदी तीन सदस्यांच्या समितीने बाजारात हिंडून करावी, अशी मुभा होती. ह्या मर्यादा पुढे वेळोवेळी बदलत गेल्या आहेत. तेव्हा व्यवहार करताना चालू आकडा पाहून घ्यावा. ह्याच सुमारास, ९ ऑगस्ट २०१६ रोजी, ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘जेम’ सुरू झाले. पूर्वी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय नावाचे जे जुने खाते निरनिराळ्या वस्तूंचे दरकरार ठरवून देत असे, ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले.

जेमची रचना बाजारपेठेसारखीच आहे. विक्रेत्याने आपला माल, त्याचे वर्णन व भाव मांडून ठेवावयाचा. खरेदी लहान असेल तर अधिकारी थेट कोणाही विक्रेत्याकडून घेऊ शकतो. मध्यम असेल तर निदान तीन विक्रेत्यांची तुलना करून कमीत कमी भावाला. आणि मोठी असेल तर बोली किंवा उलट लिलाव. ह्या उलट लिलावाकडे आपण थोडे बारकाईने पाहू, कारण आपल्या अडतीच्या लिलावात आपण जन्म घालविला, तरी हा प्रकार आपल्याला नवा आहे. अडतीत भाव चढतो. येथे भाव उतरतो. विकणारे बोली करतात आणि घेणारा गप्प बसतो. ठरलेली वेळ संपत आली असता शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणी नवी बोली केली, तर वेळ आपोआप आणखी पंधरा मिनिटे वाढते. असे होता होता रात्र पडते. पडद्यावर फक्त आकडा दिसतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसत नसल्यामुळे कोठे थांबावे ह्याचा अंदाज राहत नाही. आम्ही पहिल्यांदा उलट लिलावात बसलो, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी कागदावर एक आकडा लिहून तो संगणकाखाली चिकटवून ठेवला होता, की ह्याच्या खाली उतरावयाचे नाही. ती सूचना आम्ही आपल्या सर्व बंधूंना करू. मालाची किंमत, वाहतूक, कर, पैसे येईपर्यंतचे व्याज आणि परत येणाऱ्या मालाची तूट हे सारे लिलावाआधी मांडावे. लिलाव चालू असताना मांडू नये.

उतरत्या बोलीची गंमत अमेरिकेतही दिसून आली. तेथील सरकारच्या ‘एटीन-एफ’ नावाच्या तांत्रिक विभागाने २०१५ साली असा प्रयोग केला, की ३,५०० डॉलरांच्या आतली लहान संगणकीय कामे लांबलचक निविदा न काढता थेट उलट लिलावाने द्यावीत. ऑक्टोबरमध्ये झालेल्या पहिल्याच लिलावात बोली उतरत उतरत एका डॉलरवर आली. एक डॉलर! आणि ज्याने ती बोली केली, त्याने काम वेळेवर व उत्तम करून दिले. वृत्तपत्रांना मौज वाटली. पण कोणाही व्यापाऱ्याला त्यातील मर्म लगेच उमजेल. ती किंमत नव्हती, ती जाहिरात होती. पहिल्या दिवशी बोहनीला माल फुकट देणारा दुकानदार रोज तसे करू शकत नाही, आणि अशा एका सौद्यावरून पद्धतीची पारख होत नाही. त्या विभागाने दुसरा एक प्रयोग केला, तो आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो. मोठ्या कामांसाठी पात्र संस्थांची यादी करताना त्यांनी शेकडो पानांचे प्रस्ताव मागण्याऐवजी सर्वांना एकच सार्वजनिक माहितीसाठा देऊन सांगितले, की ह्यावर चालणारा नमुना करून दाखवा. म्हणजे कापडाची स्तुती ऐकू नका. गज काढून हातात घ्या. तो विभाग मार्च २०२५ मध्ये बंद करण्यात आला.

आता सर्वांत वादाच्या प्रयोगाकडे येतो. कमीत कमी भावाच्या नियमाचा दुष्परिणाम आपण रोज पायांखाली पाहतो. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली भाव भरून काम घेणारा कंत्राटदार तो तोटा कोठून तरी भरून काढणारच. सिमेंटमधून काढील, मुदतवाढीतून काढील, नाहीतर काम अर्धवट टाकून निघून जाईल. ही तक्रार वर्षानुवर्षे होत होती. शेवटी २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने खरेदी व प्रकल्पव्यवस्थापन ह्यांविषयी सर्वसाधारण सूचना काढल्या. त्यांत बांधकामे आणि सल्लागारीव्यतिरिक्त अन्य सेवा ह्यांसाठीही, काही अटींवर, गुणवत्ता आणि भाव ह्या दोहोंना गुण देऊन निवड करण्याची मुभा दिली. सल्लागारांच्या बाबतीत ही पद्धत आधीपासून होती. बांधकामांत मात्र गुणवत्तेला शंभरांपैकी अधिकात अधिक तीसच गुण देता येतात, आणि ते काम गुणवत्ताप्रधान असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने आधी जाहीर करावे लागते.

हिशेब कसा होतो, ते उदाहरणाने पाहू. समजा, एका कामाला दोन निविदा आल्या. पहिल्याने ९० लाख भरले. तांत्रिक समितीने त्यास शंभरांपैकी ७० गुण दिले. दुसऱ्याने एक कोटी भरले. त्यास ९५ गुण मिळाले. सर्वांत कमी भाववाल्यास भावाचे पूर्ण १०० गुण. दुसऱ्यास त्या प्रमाणात, म्हणजे ९० भागिले १०० ह्या हिशेबाने ९० गुण. आता भावाला सत्तर आणि गुणवत्तेला तीस असे वजन लावले, तर पहिल्याचे ७० अधिक २१ मिळून ९१ होतात. दुसऱ्याचे ६३ अधिक साडेअठ्ठावीस मिळून साडेएक्क्याण्णव होतात. काम दुसऱ्याला जाते, आणि सरकार दहा लाख जास्त मोजते. आता समितीने दुसऱ्याला ९५ ऐवजी ९३ गुण दिले असे समजा. त्याची बेरीज ९०.९ होते, आणि काम पहिल्याला जाते.

म्हणजे दोन गुणांवर दहा लाखांचा फैसला! वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे दोन गुण देणारे कोण, त्यांनी ते कशावरून दिले, आणि न मिळालेल्याला ते कारण विचारता येईल काय, ह्यांवर ह्या पद्धतीचे सारे यश अवलंबून आहे. ‘अनुभव दांडगा’ ह्यास दहा गुण असे मोघम लिहिले असेल, तर वशिला मागल्या दाराने परत आलाच म्हणून समजावे. उलट ‘अमुक लांबीचा पूल गेल्या सात वर्षांत मुदतीत पुरा केला असल्यास पाच गुण’ असे लिहिले असेल, तर कोणीही ते पडताळू शकतो. ह्या पद्धतीला सरसकट विरोध करणारे काही बंधू आहेत. ते आम्हांला मान्य नाही. तीस गुणांची ही खिडकी चांगल्या माणसाला उपयोगी आहे. पण गुणांची फोड निविदेतच छापलेली नसेल, तर आम्ही तेथे भाव भरणार नाही.

त्याच सूचनांतील एका कलमाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आणि आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. कामाचे चालू बिल सादर झाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत निदान पंचाहत्तर टक्के रक्कम द्यावी आणि उरलेली अठ्ठावीस कामकाजाच्या दिवसांत तपासणी पुरी करून द्यावी, असे त्यात म्हटले आहे. सरकारी कामाचा भाव चढा का असतो, तर त्यात उशिराचे व्याज मिसळलेले असते. ज्या पेढीला व्याज सोसवत नाही, ती निविदा भरतच नाही. आणि मग स्पर्धक उरतात ते केवळ दांडग्या भांडवलाचे. पैसे वेळेवर देणे ही निवडपद्धतीतलीच सुधारणा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बयाणा रकमेचेही तसेच. नियमाप्रमाणे अंदाजी किमतीच्या दोन ते पाच टक्के रक्कम निविदेसोबत अडकून पडते. करोनाच्या साथीत नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ही रक्कम न घेता केवळ हमीपत्र घेण्याचे ठरविले आणि कामाची सुरक्षा अनामतही पाच-दहा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणली. सूक्ष्म व लघु उद्योगांना तर बयाणा रकमेची सूट नेहमीसाठी आहे. शिवाय २०१२ सालच्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी ठरावीक हिस्सा त्यांच्याकडून घ्यावयाचा असतो. २०१८ मध्ये तो २० टक्क्यांवरून २५ टक्के झाला. अशा उद्योगाचा भाव सर्वांत कमी भावाहून पंधरा टक्क्यांपर्यंत अधिक असला, तरी त्याने भाव खाली आणण्याची तयारी दाखविल्यास त्यास मागणीचा हिस्सा मिळतो.

ह्यात आपल्या वर्गाचे स्थान कोठे? येथे अनेक बंधूंची फसगत होते, म्हणून स्पष्ट लिहितो. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही लघुउद्योग म्हणून नोंदणीची परवानगी मिळाली, तेव्हा पुष्कळांनी पेढे वाटले. परंतु त्या आदेशात लाभ फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरता ठेवला होता. बयाणा रकमेची माफी, पंचवीस टक्क्यांचा हिस्सा किंवा ४५ दिवसांत पैसे न आल्यास चक्रवाढ व्याजाचा हक्क, ह्यांपैकी काहीही निव्वळ व्यापाऱ्यास त्या नोंदणीने मिळाले नाही. नोंदणीचा कागद जोडून बयाणा न भरता निविदा पाठविली आणि ती पहिल्याच छाननीत बाद झाली, असे आमच्या ओळखीतल्या दोन पेढ्यांचे झाले. कारखानदार आणि सरकार ह्यांच्यामध्ये उभा राहून माल साठविणारा, उधारी सोसणारा व तुटका नग बदलून देणारा व्यापारी हा नियमकर्त्यांना अजून अनावश्यक मध्यस्थच वाटतो. जेमवर तो पुनर्विक्रेता म्हणून बसू शकतो खरा. पण कित्येक वस्तूंसाठी त्यास उत्पादकाचे अधिकारपत्र लागते, आणि उत्पादक ते एकालाच देऊन मोकळा होतो.

आमचा स्वतःचा अनुभव सांगून हा लेख पुरा करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी वसतिगृहासाठी ब्लँकेटांचा पुरवठा केला. माल वेळेवर पोहोचला, मोजून घेतला गेला, थंडी संपली, दुसरी थंडी आली, आणि बिल तिसऱ्या टेबलावरच होते. अकराव्या महिन्यात पैसे मिळाले. बयाणा रक्कम अडीच वर्षांनी, तीही मूळ पावती हजर करा ह्या अटीवर. ती पावती आमच्या वडिलांनी वहीत टाचून ठेवली होती म्हणून निभावले. माल पोहोचल्याचा दाखला त्या वेळी कोठे द्यावयाचा, हेच कोणास ठाऊक नव्हते. जेमवर निदान एवढे झाले आहे, की माल मिळाल्यापासून दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला संगणकावर निघावयाचा आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, अशी तारीखवार नोंद दोन्ही पक्षांसमोर राहते. दर वेळी तसे घडतेच असे नाही. पण उशीर कोणत्या टेबलावर झाला, हे आता लपत नाही.

गेल्या हिवाळ्याआधी त्याच कार्यालयाची ब्लँकेटांची मागणी जेमवर आली. चिरंजीवांनी अटी वाचल्या, आम्ही हिशेब मांडला आणि भाव भरला. आमचा क्रमांक तिसरा लागला. बयाणा रक्कम ह्या वेळी सतराव्या दिवशी खात्यात परत आली.